दोनशे सत्तर किलोओम

दादाच्या गिटारीचं वजन चार किलो साडेतीनशे ग्रॅम भरलं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातकाटा मी तीनदा लावला आणि तिन्ही वेळचा आकडा वहीत लिहिला, कारण दादा पुन्हा वाजवणार की नाही हे त्या आकड्यावर ठरायचं होतं. डाव्या खांद्यावर आणि हातावर तीन किलोंच्या वर भार घ्यायचा नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. निदान सहा महिने नाही, आणि पुढेही जपूनच.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, सहासष्ट वर्षांचा. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला. एप्रिलात डिचोलीच्या बाजारातून मासळी घेऊन येताना वळणावरच्या रेतीवर त्याची स्कूटर घसरली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. मे महिना पट्ट्यात गेला. जूनमध्ये पट्टा सुटला तेव्हा त्याने पहिलं काम केलं ते गिटार गळ्यात अडकवण्याचं. पाच मिनिटांत त्याचा चेहरा पांढरा पडला. मग तो बसून वाजवून बघू लागला. पण ह्या गिटारीची मान जड. मांडीवर ठेवली की मान खाली झुकते, आणि तो सगळा भार डाव्या मनगटावर येतो. त्याने ती पेटीत घातली, पेटी पलंगाखाली ढकलली आणि वाड्यावरच्या मंडळींना निरोप दिला की ह्या वर्षी पाराला दुसऱ्या कोणाला तरी बघा. त्यांनी एका कीबोर्डवाल्याला सांगून ठेवलं.

आमच्या गावच्या देवळात श्रावणात भजनी सप्ताह बसतो. सात दिवस भजन अखंड चालतं. प्रत्येक वाड्याला तीन तासांची पाळी असते, तिला पार म्हणतात. आमचा पार पाचव्या दिवशी, दुपारी चार ते सात. गेली अडतीस-चाळीस वर्षं त्या तीन तासांत पखवाज, टाळ आणि हार्मोनियम ह्यांच्या शेजारी दादाची विजेची गिटार असते. गायकाने ओळ सोडली की तीच ओळ दादा तारांवर उचलतो आणि पुन्हा त्याच्या हातात देतो. सुरुवातीला लोक हसायचे. ‘विजेचा तंबोरा’ हे नाव तेव्हाचं, आणि ते ठेवणारा आमचा चुलताच होता. आता शेजारच्या गावांतले लोक आमचा पार कधी आहे ते विचारून येतात.

गिटार अमेरिकेत बनलेली, साठीच्या दशकातली. दादाला गिटार शिकवली ती बार्देशातल्या एका ख्रिस्ती वादकाने. ते पूर्वी जहाजावरच्या बँडमध्ये होते. बोटं आखडल्यावर त्यांनी ती ह्याला दिली आणि सांगितलं, वाजव, पण उघडू नकोस. दादाने ते अक्षरशः पाळलं. तारा बदलायच्या आणि फडक्याने पुसायची, ह्यापलीकडे त्याने तिला काही केलं नव्हतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वहिनी माझ्याकडे आली. तिचं माहेर पेडण्याचं, बोलणं मोजकं. म्हणाली, “भावजी, हे आता घरात रेडिओसुद्धा लावूक देत नाहीत.” एवढंच सांगून तिने आणलेली अळूची पानं माझ्या बायकोच्या हातात दिली आणि ती गेली. मला एवढं पुरेसं होतं. दादा गप्प बसणारा माणूस नाही.

माझ्या मुलीने कॉलेजात असताना एक गिटार घेतली होती. स्वस्तातली. ती नोकरीला पुण्याला गेल्यापासून कपाटावर पडून होती. तोलली तर दोन किलो आठशे. मी ती खांद्याला लावून दादाकडे गेलो. त्याने घेतली, मान धरली, तीन मिनिटं वाजवली. दुखलं नाही हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग त्याने ती अलगद बाकावर ठेवली.

“खांद्याक बरी आसा,” तो म्हणाला. “पण आवाज डब्याचा.”

“आवाज जुळवून दिला तर?”

“कोण जुळवणार? तू?” तो हसला. “तू जन्मभर लोखंड मोजलंस. हें लोखंड न्हय रे.”

“तारा लोखंडाच्याच आहेत,” मी म्हणालो.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी एकवीस वर्षं खाणीच्या प्रयोगशाळेत होतो. मातीत लोखंड किती टक्के ते काढायचं, हे माझं काम. खाणी बंद पडल्यावर डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात लागलो. तिथेही मोजणंच. गिटार मला वाजवता येत नाही. पण दोन वस्तूंत फरक आहे असं कोणी म्हटलं, तर तो फरक कशात आहे आणि किती आहे हे शोधून काढता आलं पाहिजे, असं मला वाटतं. आणि सप्ताहाला अजून सहा आठवडे होते.

सुरुवात मी दादाच्या कानापासून केली. तो नुसत्या रुसव्याने ‘डब्याचा आवाज’ म्हणत नाही ना, हे आधी बघायला हवं होतं. त्याला आतल्या खोलीत बसवलं, दारावर पडदा सोडला. बाहेर मी दोन्ही गिटारी एकाच अँपवर लावायचो, नाणं उडवायचो आणि जी येईल तिच्या सहाही तारा एकदा छेडायचो. त्याने आतून नुसतं ‘जुनी’ किंवा ‘नवी’ म्हणायचं. दहा वेळा केलं. दहाही बरोबर. शेवटच्या दोन वेळा तर पहिली तार वाजताच त्याने सांगून टाकलं. वहिनी आतून म्हणाली, “दहावीक असे मार्क पडले असते तर ह्यांका मामलेदार केलो असतो.”

त्यानंतर मी जुनी गिटार उघडायची परवानगी मागितली. त्या गुरूंना जाऊन वीस वर्षं झाली होती. दादा म्हणाला, “उघड. पण आत कोणी हात लावलेला नाही, हे ध्यानात ठेव. जशी कारखान्यातून आली, तशी आहे.”

हे वाक्य मी फारच ध्यानात ठेवलं. पुढची चूक त्यातूनच झाली.

पाठीमागच्या झाकणाचे सहा स्क्रू सोडवले. आत दोन गोल कंट्रोल होते, एक आवाज लहानमोठा करण्याचा आणि एक टोनचा. टोनच्या कंट्रोलला लटकलेला कंडेन्सर, चार-पाच तारा, जुना काळपट डाक. आणि सगळ्यावर लाल धूळ. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तांदळाचे तीन दाणे होते. झेंडूची एक सुकलेली पाकळी होती.

मला हसू आलं. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या कामाच्या वस्तूंची पूजा होते. कोयता, विळी, शिलाई मशीन, स्कूटर, आणि दादाच्या घरात गिटारही. वहिनी ती चौरंगावर ठेवते, आंब्याच्या पानाने पाणी शिंपडते, ओलं गंध लावते, वर हळद-कुंकू, अक्षता आणि फूल. गंध कुठे, तर व्हॉल्यूमच्या गोल बटणाच्या बरोबर मध्यावर. गिटारीचं कपाळ तेच असं तिने लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला ठरवलं, आणि तेव्हापासून ती जागा बदललेली नाही. बटणाखालच्या फटीतून अडतीस दसऱ्यांचं गंध आणि कुंकू आत उतरलं होतं.

प्रयोगशाळेत माझे पहिले साहेब एक गोष्ट रोज सांगायचे. वस्तूला हात लावण्याआधी ती जशी आहे तशी मोजून लिहून ठेव. म्हणून मी आधी मीटर घेतला. एकेक तार सोडवून मोजलं आणि लिहिलं. मानेकडचा पिकप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारी गुंडाळी, सात पॉइंट चार किलोओम. मागचा सात पॉइंट नऊ. कंडेन्सर पॉइंट शून्य सत्तेचाळीस. टोनचा कंट्रोल चारशे शहाऐंशी किलोओम. व्हॉल्यूमचा कंट्रोल दोनशे सत्तर.

इथे मी थांबलो. ह्या गिटारीचा जोडणीचा आराखडा मी इंटरनेटवरून उतरवून घेतला होता. त्यात दोन्ही कंट्रोल पाचशेचे होते. दोनशे सत्तर म्हणजे जवळजवळ निम्मा. मी आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि लिहिलं, ‘मळामुळे चुकीचं वाचन. साफ करून पुन्हा घेणे.’ मग स्पिरिट आणि कापसाच्या काड्या घेऊन बसलो. बारा काड्या लाल झाल्या, तेरावी पांढरी निघाली. पुन्हा मोजलं तर चारशे ब्याण्णव. वहीत लिहिलं, ‘४९२. आता बरोबर.’ ते अक्षर आज बघितलं तरी त्यातला माझा आनंद कळतो.

पुढच्या शुक्रवारी म्हापशाला गेलो. शुक्रवारच्या गर्दीत मिरच्या आणि सॉसेजच्या माळांमधून वाट काढत एका जुन्या दुकानातून पाचशेचे दोन कंट्रोल आणि पॉइंट शून्य सत्तेचाळीसचा कंडेन्सर घेतला. दुकानातले सगळे पाचशेचे कंट्रोल मी माझ्या मीटरने मोजले. दुकानदाराने खुर्ची दिली आणि विचारलं की जेवण इथेच मागवू का. चौदा कंट्रोलांतले दोन निवडले, चारशे सत्त्याऐंशी आणि चारशे नव्वद.

मुलीच्या गिटारीतला जुना माल काढून हा घातला, तारा आराखड्याप्रमाणे जोडल्या. तिचे पिकप मोजमापाला जुन्याच्या जवळच होते, पण त्यांचं चुंबक जास्त जोरकस होतं, त्यामुळे आवाज अंगावर यायचा. ते तारांपासून खाली घ्यायला हवे होते. किती खाली, हे मोजायला मी पत्ते वापरले. आमच्या घरातल्या कॅटमधला एक पत्ता पॉइंट तीन मिलिमीटर जाड आहे. आठ पत्त्यांपासून सुरुवात केली, एकेक वाढवत गेलो आणि बारा पत्त्यांवर दोन्ही गिटारींचा जोर सारखा झाला. तारासुद्धा दादा लावतो त्याच जाडीच्या लावल्या.

सप्ताहाला सतरा दिवस उरले होते तेव्हा मी दोन्ही गिटारी घेऊन दादाकडे गेलो. पुन्हा पडदा, पुन्हा नाणं, दहा वेळा. ह्या वेळी आतून उत्तर यायला वेळ लागत होता. एकदा तर तो म्हणाला, पुन्हा वाजव. दहापैकी पाच बरोबर आली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पाच आलीच असती. म्हणजे त्याला फरक ऐकू येत नव्हता. मी वहीत पाच लिहिले आणि दोन रेघा ओढल्या. आयुष्यात इतकं नीट काम मी फार वेळा केलेलं नाही.

दादा पडदा सारून बाहेर आला. मी बघत होतो की तो हसतो का.

“दोन्ही सारख्याच,” तो म्हणाला. “पण त्यांतली एकही माझी न्हय.”

मला वाटलं तो थट्टा करतो आहे. त्याने जुनी गिटार बाकावर आडवी ठेवली, मान मला धरायला लावली आणि उजव्या हाताने तिच्या मोकळ्या तारा एकदा छेडल्या. “हिका तू कितें केलंस?”

“साफ केली.”

“हिचा आवाज असा काचेसारखा कधी नव्हता. पाऊस लागला की तर आणखी खाली बसायचा, ओला व्हायचा. सप्ताहाला सगळ्यांत गोड. लोक म्हणायचे, तुझ्या गिटारीक सर्दी झाली.”

मी वही उघडून आकडे वाचायला लागलो. त्याने ऐकून घेतलं. तो रागावला नव्हता, हे जास्त वाईट होतं. “आकडे तुझे बरोबर असतील,” तो म्हणाला. “मग माझा कान खोटा काय?” आणि जुनी गिटार पेटीत ठेवून त्याने पेटी पलंगाखाली सारली. ह्या वेळी ती भिंतीपर्यंत गेली.

घरी येताना मला एकच गोष्ट दिसत होती. आतापर्यंत त्याचा खांदा मोडला होता. आवाज शाबूत होता, नुसता जड होता. आता तोही राहिला नव्हता, आणि तो मी घालवला होता.

उलगडा दुसऱ्या दिवशी कारखान्यात झाला. आमच्याकडे येणाऱ्या भुकटीचं मी आधी ओलं वजन घेतो, मग ती वाळवून पुन्हा तोलतो. खाणीवरही हेच करायचो. मालात ओलावा किती ते ह्या दोन आकड्यांच्या फरकावरून कळतं. त्या दिवशी तवा काट्यावर ठेवला आणि हात तसाच राहिला. गिटारीचा ओला आकडा माझ्याकडे होता. दोनशे सत्तर. मी त्याला चूक म्हटलं, माल वाळवला आणि वाळलेला आकडा खरा धरला. दादा अडतीस वर्षं वाजवत होता तो ओल्या आकड्यावर. कारखान्यातून आली तशी ती गिटार पहिल्या दसऱ्यापर्यंतच होती.

संध्याकाळी डिचोलीला एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याकडे गेलो. आता रेडिओ कोणी आणत नाही, म्हणून ते मिक्सर आणि पंख्याचे रेग्युलेटर दुरुस्त करतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला मिक्सर बाजूला ठेवला.

“कुंकू कशाचं करतात? हळद आणि चुना. त्यात गंधाचं पाणी. पावसात ते ओल धरणार, आणि कंट्रोलच्या दोन टोकांमधून थोडा करंट त्यातून चोरवाटेने जाणार. तेवढी धार कमी. आवाज मऊ.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बाकीची माणसं माझ्याकडे मिक्सर घेऊन येतात. तू कुंकू दुरुस्त करूक आलास.”

हिशेब अवघड नव्हता. नव्या गिटारीतला व्हॉल्यूमचा कंट्रोल चारशे सत्त्याऐंशीचा. त्याच्या दोन टोकांवर आडवी चोरवाट करून दिली, तर दोन्ही मिळून दोनशे सत्तर व्हायला ती सहाशे सहा किलोओमची हवी. असा एक रेझिस्टन्स बाजारात मिळत नाही. रेडिओवाल्यांनी डबा उलटा केला आणि त्यातून पाचशे साठचा एक आणि सत्तेचाळीसचा एक शोधून दिला. दोघांना एकापुढे एक जोडलं की सहाशे सात. कागदावर उत्तर दोनशे सत्तर पॉइंट दोन आलं. पैसे त्यांनी घेतले नाहीत. पाराला येऊन बसेन म्हणाले.

डाक देण्याआधी मला दादाला आणि वहिनीला खरं सांगणं भाग होतं. आवाज कशाने गेला आणि कोणी घालवला, ते. दोघंही बलकांवात, म्हणजे पुढच्या ओट्यावर, बसली होती. दादा पानांचा डबा उघडून नुसताच बघत होता. मी वहीसकट सगळं सांगितलं. काड्या बारा लाल झाल्या, तेसुद्धा. वहिनीने पदराने तोंड पुसलं.

“म्हणजे इतकी वर्षं मी ह्यांच्या वाद्यात घाण करत होते?”

दादाने डब्याचं झाकण लावलं.

“घाण न्हय गो,” तो म्हणाला. “माझो आवाज तू केलेलो.”

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला, पण चहा काही बराच वेळ आला नाही. मग दादा मला म्हणाला, “जा, ते काय ते बसव. आणि चाचणी नको. नाणं नको. मी वाजवून बघतो.”

रविवारी सकाळी मी गिटार त्याच्या हातात दिली. डाक दिल्यावर प्रत्यक्ष वाचन दोनशे एकाहत्तर आलं होतं. एकाचा फरक त्याला सांगावा की नाही असा विचार करून शेवटी सांगितला. त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. बाहेर रिपरिप चालली होती. त्याने पहिला स्वर छेडला आणि तो पूर्ण विरेपर्यंत दुसरा छेडला नाही. मग पाराच्या सुरुवातीला वाजवतो ती धून धरली. वहिनी दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ लागलेलं. मी घड्याळ बघत होतो, कारण मला दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. चाळीस मिनिटं झाली. डाव्या खांद्याला त्याने एकदाही हात लावला नाही.

थांबल्यावर तो म्हणाला, “मान थोडी बारीक आहे. बोटांक सवय करूक जाय.” आणि मग, “त्या कीबोर्डवाल्याक सांगितलंय न्हय? त्याला म्हणावं, ये, पण माझ्या बाजूक बस.”

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्याच्या घरून गिटार ऐकू यायला लागली. आमच्या दोन घरांच्या मधे एक काजूची बाग आहे, तरी ऐकू यायची. मधेमधे रेडिओही.

पाराच्या दिवशी तो साडेतीनलाच देवळात जाऊन बसला. हलकी निळी गिटार बघून चुलत्याच्या मुलाने विचारलं, “तंबोरो बदललो?” दादा म्हणाला, “तंबोरो बदललो, वीज तीच.” मी अँपच्या मागे बसलो होतो. डॉक्टरांशी बोलून ठरवल्याप्रमाणे वीस मिनिटं वाजवायचं आणि दहा मिनिटं हात खाली, अशी शिस्त होती. सहा वाजेपर्यंत त्याने ती पाळली. शेवटचा एक तास त्याने माझ्याकडे बघायचंच टाळलं. गायकाने ओळ सोडली की तो उचलायचा, कीबोर्डवाला मुकाट सूर धरून राहायचा. रेडिओवाले खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. मला स्वरांतलं फार कळत नाही. पण मागच्या वर्षी आलेली एक म्हातारी शेजारणीला सांगत होती की हा यंदाही तसाच वाजवतो, पडला बिडला असं म्हणतात ते काही दिसत नाही. ते मी घरी येऊन वहीत लिहिलं. कुठल्या रकान्यात लिहावं ते कळेना, म्हणून मागच्या पानावर.

दुसऱ्या दिवशी त्याचा खांदा दुखला. मी काळजीत पडलो, तर म्हणाला, हें दुखणं वेगळं. डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं. हात आता खांद्याच्या रेषेच्या वर जातो. वर्षभरात जड गिटारसुद्धा थोडा थोडा वेळ घेता येईल, म्हणाले.

तेव्हा जुनीचा प्रश्न आला. मी सांगितलं की हिलाही तशीच चोरवाट करून देतो, दहा मिनिटांचं काम, रेझिस्टन्स आणून ठेवलेत. दादा नको म्हणाला. पाऊस ओसरला होता, हवा कोरडी व्हायला लागली होती, आणि त्याच्या लक्षात आलं होतं की नवी गिटार आहे तिथेच आहे. “पाऊस गेलो, हिका खबरच ना,” तो म्हणाला. माझ्या रेझिस्टन्सला ऋतू कळत नाहीत, हे खरं आहे. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता.

दसऱ्याला आम्ही सगळे त्याच्याकडे होतो. पुण्याहून मुलगीही आली होती. चौरंगावर दोन्ही गिटारी ठेवल्या. वहिनीने पाणी शिंपडलं, अक्षता वाहिल्या. मग गंधाची वाटी घेऊन ती जुन्या गिटारीसमोर थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोलण्याआधी दादा म्हणाला, “त्याका कितें विचारतंस? लाव जंय लावतंस थंय.”

तिने बटणाच्या बरोबर मध्यावर गंध लावलं, वर हळद, वर कुंकू. ह्या वेळी जरा जास्तच ओलं होतं असं मला वाटलं. फटीच्या कडेने एक लाल रेघ सावकाश आत उतरताना दिसली. मी फडकं शोधलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी मीटर घेऊन गेलो. झाकण उघडलं, तार सोडवली, टोकं लावली. दादा शेजारी येऊन उभा राहिला. आकड्यांवरून मला आयुष्यभर हसलेला माणूस वाकून मीटरच्या काचेकडे बघत होता, पण चष्मा नसल्यामुळे त्याला काही दिसत नव्हतं.

“किती?” त्याने विचारलं.

“चारशे ब्याण्णव होते. आता चारशे एकोणनव्वद.”

त्याने मनाशी काहीतरी हिशेब केला.

“बरं,” तो म्हणाला. “घाई ना.”